आकड्यांची उलटतपासणी

(अंबरनाथ पूर्वेकडील आनंदनगर येथे कामगार व महाविद्यालयीन विद्यार्थी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर.)



मी वकील आहे. साक्षीदार कितीही तयारीचा असला तरी वकिलास त्याची धास्ती वाटत नाही. तो पिंजऱ्यात उभा राहतो, त्यास प्रश्न विचारता येतात, तो अडखळतो, त्यास घाम फुटतो, आणि अखेरीस खरे काय ते बाहेर पडते. परंतु आजवरच्या वकिलीत एका साक्षीदाराची मात्र मला नेहमीच धास्ती वाटत आली आहे. तो अडखळत नाही, त्यास घाम फुटत नाही, आणि न्यायाधीशांपासून शिपायापर्यंत सर्वांचा त्याच्यावर पहिल्या क्षणापासून विश्वास बसतो. हा साक्षीदार म्हणजे तक्त्यात छापलेला आकडा. त्याची उलटतपासणी कशी करावी, आणि आपल्या बाजूने आकडा उभा करावयाचा झाल्यास तो कसा तयार करावा, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

हा विषय रुक्ष आहे असे कोणी म्हणेल. परंतु आपला पगार, आपला महागाई भत्ता, आपल्या मुलांच्या राखीव जागा, आपल्या वस्तीस मिळणारा निधी, ह्यांपैकी एकही गोष्ट आज पाहणी आणि आकडेवारी ह्यांच्या आधाराशिवाय ठरत नाही. ज्या गोष्टीवर आपली भाकरी ठरते ती गोष्ट रुक्ष म्हणून टाकून देणे आपल्यास परवडणारे नाही.

एका हरलेल्या साक्षीची हकीकत

प्रथम माझीच एक हकीकत सांगतो. सुमारे बारा वर्षांपूर्वी एका कारखान्यातील कामगारांचे वेतनवाढीचे प्रकरण माझ्याकडे आले. आपल्या देशात वेतनाचे तंटे ठरविताना त्याच प्रदेशातील, त्याच प्रकारचे इतर उद्योग काय वेतन देतात हे पाहण्याचा दंडक आहे. ह्या तत्त्वाचा आधार घेऊन व्यवस्थापनाने न्यायाधिकरणापुढे एक तक्ता सादर केला. मथळा होता, 'परिसरातील वेतनाची पाहणी'. अकरा कारखाने, अकरा ओळी, आणि तळाशी एक सरासरी. ती सरासरी आमच्या कामगारांच्या वेतनापेक्षा कमी होती. निष्कर्ष उघड होता : तुम्हांस आधीच जास्त मिळते, मग वाढ कशास?

मी तक्ता तयार करणाऱ्या अधिकाऱ्यास विचारले, 'हे अकरा कारखाने कोणी निवडले?' तो म्हणाला, 'आम्ही चाळीस कारखान्यांना पत्रे पाठविली होती, त्यांपैकी अकरांनी उत्तर दिले.' 'आणि हे चाळीस कोणत्या यादीतून घेतले?' 'आमच्या खरेदी विभागाच्या नोंदींतून.' म्हणजे ज्या लहान कारखान्यांना ही कंपनी कामे देत असे, त्यांचीच ही यादी होती! मोठे, तिच्या बरोबरीचे कारखाने त्या यादीत नव्हतेच. पुढे निघाले ते असे की, इतर कारखान्यांचे आकडे मूळ पगार व महागाई भत्ता एवढ्याचेच होते, आणि आमच्या कामगारांच्या आकड्यात मात्र जादा वेळेच्या कामाचे पैसे धरले होते. एकास उभे करून मोजावे व दुसऱ्यास बसवून मोजावे, आणि मग कोण उंच हे सांगावे, असा तो प्रकार होता.

तक्ता कोसळला. मी मनातून खूश झालो. परंतु ती खुशी एक तारीखभरच टिकली. पुढच्या तारखेस आमचा तक्ता पुढे आला. युनियनने नऊ कारखान्यांतील चौसष्ट कामगारांच्या पगारपावत्या गोळा केल्या होत्या. प्रतिपक्षाच्या वकिलांनी आमच्या साक्षीदारास शांतपणे एकच प्रश्न केला : 'हे चौसष्ट कामगार आपण कसे निवडले?' आमचा साक्षीदार प्रामाणिक माणूस. तो म्हणाला, 'साहेब, सभेला जे पावती घेऊन आले, त्यांच्या घेतल्या.' आता पावती कोणाजवळ असते? ज्याची नोकरी कायम आहे त्याच्याजवळ. ठेकेदाराच्या हाताखाली हजेरीवर राबणाऱ्या माणसाजवळ पावती कोठून असणार? म्हणजे आमची सरासरी जितकी वर होती तितकी ती खरी नव्हती. मालकाच्या तक्त्यातून मोठे कारखाने गळाले होते, आमच्या तक्त्यातून गरीब कामगार गळाला होता.

न्यायाधिकरणाने दोन्ही तक्त्यांस फारसे महत्त्व दिले नाही. अखेर तडजोड झाली. ती वाईट नव्हती. परंतु आमचा पुरावा भक्कम असता तर पदरात अधिक पडले असते, ही रुखरुख मला आजही आहे. त्या दिवशी मी ठरविले की कायद्याच्या पुस्तकांबरोबर सांख्यिकीचे पुस्तकही उघडावयाचे.

शितावरून भाताची परीक्षा

आपल्या घरातील बायका हे शास्त्र पिढ्यान् पिढ्या जाणतात. भात शिजला की नाही हे पाहण्यास त्या सगळे पातेले खाऊन पाहत नाहीत. एक शीत दोन बोटांत दाबून पाहतात. नमुना पाहणी म्हणतात ती हीच. परंतु ह्यात एक अट दडलेली आहे. पातेल्याच्या वरचे शीत कच्चे आणि तळाचे करपलेले असेल, तर वरचे शीत दाबून तळाची गोष्ट कळणार नाही. शीत कोठून उचलले, ह्यावर सगळी परीक्षा अवलंबून आहे.

म्हणून कोणताही आकडा समोर आला की पहिला प्रश्न असा : ही यादी कोणाची? ज्या यादीतून माणसे किंवा कारखाने निवडले, त्या यादीत जो नाही तो पाहणीत कधीच येणार नाही. आपल्या परिसराचेच उदाहरण घ्या. आनंदनगरच्या औद्योगिक वसाहतीतील नोंदलेला कारखाना सरकारी पाहणीत सापडेल. परंतु शेजारच्या उल्हासनगरात खोलीखोलीतून जीन्स शिवणारे, धागे कापणारे, बटणे लावणारे हात नोंदलेल्या कारखान्यांच्या यादीत कसे सापडतील? त्यांच्यासाठी वेगळी, घरोघर जाणारी पाहणी लागते. 'उद्योगातील सरासरी वेतन' असे शब्द वाचले की, ह्यात घरी बसून नगावर काम करणारी बाई धरली आहे काय, हे विचारा.

दुसरा प्रश्न : त्या यादीतून निवड कोणी व कशी केली? निवड करणाऱ्याच्या मर्जीवर सोडली की मर्जी आपले काम करते. माणूस प्रामाणिक असला तरी करते. सर्वेक्षकास 'वस्तीतील पन्नास घरे पाहा' असे सांगितले, तर तो रस्त्यालगतची, दार उघडे असलेली, कुत्रे नसलेली घरे पाहील. म्हणून शास्त्र सांगते की निवड चिठ्ठीने किंवा ठराविक अंतराने करा, म्हणजे प्रत्येक घरास निवडले जाण्याची ज्ञात संधी मिळते. निवड यादृच्छिक असावी म्हणतात ती ह्यासाठी. ती बेफिकीर असावी, असा ह्याचा अर्थ नव्हे.

तिसरा प्रश्न : किती जणांना विचारले आणि किती जणांनी उत्तर दिले? जे बोलले त्यांचा आकडा सर्वजण देतात. जे गप्प राहिले त्यांचा आकडा कोणी आपण होऊन देत नाही. अमेरिकेत १९३६ साली 'लिटररी डायजेस्ट' ह्या नियतकालिकाने अध्यक्षीय निवडणुकीबाबत सुमारे एक कोटी मतपत्रिका पाठविल्या व वीस लाखांहून अधिक उत्तरे मिळविली. त्यांवरून लँडन निवडून येणार असे भाकीत केले. निवडून आले रूझवेल्ट, आणि तेही प्रचंड बहुमताने. यादी टेलिफोनधारक व मोटारमालक अशा सुस्थितीतील लोकांकडे झुकलेली होती, आणि उत्तर पाठविण्याची तसदी घेणारे लोकही सर्वसाधारण मतदारांसारखे नव्हते. लाखो उत्तरांनी ती चूक धुऊन निघाली नाही. वाकडी काठी लांब केली म्हणून सरळ होत नाही.

मग किती माणसे पुरेत? निवड खरोखर यादृच्छिक असेल तर ढोबळ हिशेब सोपा आहे. शंभर माणसांच्या नमुन्यात टक्केवारी सुमारे दहा टक्के इकडेतिकडे होऊ शकते. चारशेंत सुमारे पाच. सोळाशेंत सुमारे अडीच. म्हणजे चूक निम्मी करावयाची तर माणसे चौपट लागतात. तेव्हा शंभर जणांना विचारून 'मागील वर्षी ५२ टक्के कामगार समाधानी होते, यंदा ५५ टक्के आहेत' असे कोणी ऐटीत सांगू लागला, तर त्यास नम्रपणे सांगावे की आपली ही तीन टक्क्यांची प्रगती तराजूच्या काट्याच्या थरथरीहून मोठी नाही.

काठावरचे रोप

नमुना नीट निवडला तरी मोजमापात खोट राहू शकते. ह्याचे उत्तम उदाहरण आपल्याच मातीतील एका शास्त्रज्ञाने जगास दाखविले. सातारा जिल्ह्यातील बुध ह्या गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग सुखात्मे पुढे संख्याशास्त्रज्ञ म्हणून जगभर गाजले. १९४० नंतरच्या दशकात, अन्नटंचाईच्या त्या काळात, देशात पीक किती येते हे ठरविणे ही जीवनमरणाची बाब होती. शेतात चिठ्ठीने जागा निवडावी, तेथे एक तुकडा आखावा, त्यातील पीक कापून तोलावे व त्यावरून एकरी उतारा काढावा, ही पीककापणीची पद्धत. तुकडा केवढा असावा ह्यावर कलकत्त्याचे प्राध्यापक महालनोबिस आणि सुखात्मे ह्यांच्यात मोठा वाद झाला. महालनोबिसांच्या पद्धतीत तुकडे लहान असत. त्यामुळे खर्च कमी होई व पुष्कळ जागा पाहता येत. सुखात्म्यांनी प्रत्यक्ष तुलना करून दाखविले की फार लहान तुकड्यांवरून काढलेला उतारा खऱ्यापेक्षा जास्त येतो.

असे का व्हावे? कारण काठावरचे रोप! आखलेल्या रेषेवर जे रोप येते ते आत धरावयाचे की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा हात त्यास आत ओढतो. मोठ्या तुकड्यात परिघाच्या मानाने क्षेत्र मोठे असल्यामुळे ही चूक नगण्य ठरते. लहान तुकड्यात तीच चूक आकडा फुगविते. येथे कोणीही लबाडी केलेली नव्हती. मोजमापाच्या आखणीतच दोष होता, आणि तो दोष एकाच दिशेने ढकलणारा होता. दोन्ही दिशांना होणारी चूक नमुना वाढविला की विरत जाते. एकाच दिशेची चूक नमुना कितीही वाढविला तरी तशीच उभी राहते. हा भेद लक्षात ठेवा. आकड्यांच्या उलटतपासणीचे अर्धे कसब ह्या एका भेदात आहे.

मुंबईचा निर्देशांक

आता कामगारांच्या भाकरीशी थेट संबंध असलेल्या प्रकरणाकडे येतो. महागाई भत्ता निर्देशांकाशी जोडलेला असतो हे आपणांस ठाऊक आहे. निर्देशांक म्हणजे तरी काय? कामगार कुटुंब महिन्याकाठी कशावर किती खर्च करते ह्याची प्रथम पाहणी करावयाची. त्यावरून तांदूळ, डाळ, रॉकेल, कापड, भाडे ह्यांस भार ठरवावयाचे. मग दरमहा ठराविक दुकानांतून किंमती आणून, आरंभीच्या वर्षी ज्या टोपलीस शंभर रुपये पडत तिला आज किती पडतात हे काढावयाचे. म्हणजे येथे दोन पाहण्या आहेत, एक कुटुंबांची आणि दुसरी दुकानांची. दोहोंपैकी एक जरी चुकली तरी भत्ता चुकतो.

मुंबईच्या कामगारांचा निर्देशांक दीर्घकाळ १९३३-३४ ह्या पायावर चालत होता. त्यामागची कुटुंबांची पाहणी १९३२-३३ सालची. मध्यंतरी महायुद्ध झाले, रेशनिंग आले, फाळणी झाली, शहर दुणावले, तरी टोपली तीच! १९६० नंतर बाजारातील महागाई आणि कागदावरील निर्देशांक ह्यांत मेळ नाही, असे कामगार उघड बोलू लागले. २० ऑगस्ट १९६३ रोजी मुंबईच्या कामगारांनी ह्या प्रश्नावर बंद पाळला. महाराष्ट्र सरकारने मुंबई विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ प्राध्यापक लकडावाला ह्यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली. समितीने निर्देशांकाची तपासणी केली आणि तो वाढवून दुरुस्त करावा अशी शिफारस केली. रस्त्यावरच्या माणसाचे म्हणणे शास्त्राच्या कसोटीवर उतरले.

एका अंकाची चूक किती महाग पडते ते पाहा. केवळ समजण्यासाठी असे धरू की दर अंकास पाच पैसे भत्ता आहे आणि निर्देशांक दहा अंकांनी कमी दाखविला आहे. एका कामगाराचे महिन्यास पन्नास पैसे गेले. तो म्हणेल, जाऊ द्या. परंतु दोन लाख कामगार असतील तर महिन्यास एक लाख आणि वर्षास बारा लाख रुपये गेले, आणि तेही आठ आण्यांस मोल होते अशा काळात. कोणी तिजोरी फोडली नाही, कोणी पाकीट मारले नाही. एका स्तंभातील एक रकमेचा आकडा तेवढा बदलला.

आज हे सगळे सुधारले आहे असे समजून निजून राहू नका. औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकाची २०१६ हा पाया असलेली मालिका २०२० साली सुरू झाली. तीत खाद्यपदार्थांचा भार पूर्वीच्या ४६.२० वरून ३९.१७ वर आला आणि घरभाड्याचा १५.२७ वरून १६.८७ वर गेला. सरासरी कामगार कुटुंबाचा खर्च तसा बदलला असेल, हे मी नाकारीत नाही. परंतु ज्याच्या घरी अर्ध्याहून अधिक मिळकत आजही किराण्यातच जाते, त्याच्यासाठी डाळ महागली तर त्यास बसणारा चिमटा ह्या निर्देशांकास तेवढा जाणवणार नाही. निर्देशांक खोटा नाही. तो सरासरीचा आहे, आणि आपण सरासरीच्या खाली आहोत.

सरासरी ह्या शब्दापाशी क्षणभर थांबू. नऊ कामगारांस दरमहा बारा हजार आणि एका व्यवस्थापकास ब्याण्णव हजार मिळतात. दहा जणांची सरासरी वीस हजार. त्या दहांत वीस हजार मिळविणारा मनुष्य एकही नाही! सर्वांस चढत्या क्रमाने उभे करून मधल्याचे वेतन पाहिले तर ते बारा हजार निघते. ह्यास मध्यक म्हणतात. वेतनाच्या तक्त्यात सरासरी दिली असेल तर मध्यक मागा. न मिळाल्यास का मिळत नाही ते विचारा.

मापाची काठी कोणाची?

यादी बरोबर, निवड बरोबर, बेरीज बरोबर, तरीही आकडा दिशाभूल करू शकतो, कारण मोजावयाचे काय हेच चुकलेले असते. ही गोष्ट डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ साली प्रसिद्ध केलेल्या, हिंदुस्थानातील लहान शेतजमिनींवरील इंग्रजी निबंधात दाखवून दिली. त्या सुमारास पुण्याच्या शेतकी कॉलेजचे डॉ. हॅरोल्ड मॅन ह्यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर ह्या गावाची घरोघर पाहणी करून १९१७ साली पुस्तक काढले होते. पाहणी अत्यंत कसोशीची होती. बाबासाहेबांनी त्या आकड्यांचा आदराने उपयोग केला. परंतु 'किफायतशीर जमीन' म्हणजे काय ह्या व्याख्येवर बोट ठेवले. कुटुंबाचे पोट भरेल एवढी जमीन म्हणजे किफायतशीर, असे तज्ज्ञ म्हणत होते. बाबासाहेबांचे म्हणणे असे की हे माप खाणाऱ्या तोंडांचे झाले. शेती हा उत्पादनाचा धंदा आहे, तेव्हा माप उत्पादनाचे हवे. जमिनीस जोडलेले बैल, नांगर, भांडवल व श्रम ह्यांच्या प्रमाणात ती लहान की मोठी हे ठरते. नुसत्या एकरांवरून ठरत नाही. आणि माप बदलताच उपायही बदलला. तुकडे एकत्र करण्यापेक्षा शेतीवरील माणसांचा भार कमी करणारे औद्योगिकीकरण हा त्यांनी खरा उपाय सांगितला. आकडे बहुतांशी तेच होते. प्रश्न बदलला म्हणून उत्तर बदलले.

तेच माप आपल्या किमान वेतनासही लावून पाहा. १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने गरजेवर आधारित किमान वेतनाचे निकष ठरविले तेव्हा कुटुंब तीन उपभोग-एककांचे धरले : पुरुष एक, स्त्री शून्य दशांश आठ, दोन मुले प्रत्येकी शून्य दशांश सहा. म्हाताऱ्या आईस ह्या बेरजेत जागा नाही. सून, नणंद, गावाकडचे वडील ह्यांना जेवावे लागते. पण गणितात ते जेवत नाहीत. निकष पुरोगामी होता ह्याबद्दल वाद नाही. व्याख्येच्या एका ओळीत किती माणसे आत येतात व किती बाहेर राहतात, हे दाखविण्यापुरतेच मी हे सांगत आहे.

आडनाव आणि जनगणना

आता हक्कांच्या प्रश्नाकडे वळू. स्थानिक स्वराज्य संस्थांतील इतर मागासवर्गीयांच्या राखीव जागांविषयी सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२१ च्या गवळी प्रकरणातील निकालात सांगितले की समर्पित आयोग नेमून, प्रत्यक्ष पाहणीची समकालीन माहिती गोळा केल्याशिवाय अशा जागा ठेवता येणार नाहीत. ज्या राज्यात जागा होत्या त्या राज्यात त्या आकड्यांवाचून अडल्या. मार्च २०२२ मध्ये जयंतकुमार बांठिया ह्यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. त्याने राज्यातील इतर मागासवर्गीयांची लोकसंख्या सुमारे ३७ टक्के असल्याचा अंदाज दिला. काम चालू असतानाच, मतदार याद्यांतील आडनावांवरून जात ठरविली जात असल्याबद्दल राज्यात तीव्र आक्षेप घेतले गेले. जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहवालाच्या आधारे निवडणुका घेण्यास परवानगी दिली, तेव्हा त्या वेळचा व्यावहारिक प्रश्न सुटला. परंतु पद्धतीचा प्रश्न उरतोच. गायकवाड, जाधव, मोरे, पवार, शिंदे ही आडनावे महाराष्ट्रात किती भिन्न समाजांत आहेत हे ह्या सभेत बसलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. माणसास न विचारता त्याच्या दारावरची पाटी वाचून केलेली नोंद ही पाहणी नव्हे, तो तर्क आहे.

आणि विचारूनही घोटाळा होतो. धर्मांतरापूर्वी, १९५१ च्या जनगणनेत, आजच्या महाराष्ट्राच्या क्षेत्रात बौद्धांची संख्या अडीच हजारांच्या आसपास होती. १९५६ साली धर्मांतर झाले आणि १९६१ मध्ये ती सुमारे २७ लाख ९० हजार झाली. २०११ मध्ये ती ६५ लाख ३१ हजार, म्हणजे राज्याच्या लोकसंख्येच्या ५.८१ टक्के होती. हे आकडे कशाचे आहेत? आपण किती आहोत ह्याचे की प्रगणकाने काय लिहिले ह्याचे? दोन्ही एकच आहेत असे मानण्याची चूक करू नका. धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' सांगणारा मनुष्य जातीच्या प्रश्नास 'बौद्ध' किंवा 'नवबौद्ध' असेच उत्तर देतो. त्याच्या मनाने ते उत्तर खरे आहे; जात सोडण्यासाठीच तर त्याने धर्म स्वीकारला! परंतु अनुसूचित जातींच्या यादीत त्या नावाची जात नाही. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांस अनुसूचित जातींत स्थान मिळाले ते यादीतील जातीच्या नावाने. म्हणून तो मनुष्य बौद्धांत मोजला जातो आणि अनुसूचित जातींतून गळतो. उलट सवलत जाईल ह्या भीतीने दुसरा 'हिंदू' असे सांगतो. तो इकडे मोजला जातो आणि तिकडून गळतो. दोघांच्याही उत्तरांत लबाडी नाही. सुखात्म्यांच्या शेतातील ते काठावरचे रोप आठवा. येथे काठावर आपण उभे आहोत.

पुढील जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ ठरविला आहे आणि तीत सर्वांची जात विचारली जाणार आहे. जात सांगणे हे मनास खुपणारे आहे हे मी जाणतो, मलाही खुपते. कोणी काय सांगावे हे मी आज्ञेच्या स्वरात सांगणार नाही. परंतु कायद्याने दिलेल्या दोन गोष्टी सांगणे माझे कर्तव्य आहे. १९४८ च्या जनगणना कायद्याप्रमाणे आपल्या माहितीनुसार खरे उत्तर देणे आपल्यावर बंधनकारक आहे. आणि त्याच कायद्याच्या १५ व्या कलमानुसार आपण दिलेली वैयक्तिक नोंद कोणासही पाहावयास खुली नाही, व ती सर्वसाधारणतः न्यायालयात पुरावा म्हणूनही चालत नाही. तेव्हा धर्म एका रकान्यात आणि जात दुसऱ्या रकान्यात, दोन्ही खरे सांगण्यास भिण्याचे कारण नाही. आणि प्रगणकाने काय लिहिले ते त्याच्याकडून वाचून घ्या. पाटी पाहून लिहू देऊ नका.

आपली पाहणी

अखेरीस कामाचे बोलतो. वेतनाच्या त्या प्रकरणाची पुनरावृत्ती नको असेल तर आनंदनगरच्या कामगारांची पाहणी आपणच नीट केली पाहिजे. सभेस आलेल्यांचे हात मोजून ती होणार नाही. ज्या वस्त्यांत कामगार राहतात तेथील प्रत्येक खोलीस क्रमांक देऊन प्रथम पूर्ण यादी करा. समजा तीन हजार दोनशे खोल्या झाल्या, चारशे हव्यात, तर पहिल्या आठांतून एक चिठ्ठीने काढा आणि तेथून पुढे दर आठवी खोली घ्या. आठव्या खोलीस कुलूप असेल तर शेजारच्या नवव्या खोलीत शिरू नका. रात्रपाळी सुटल्यावर, सुट्टीच्या दिवशी, पुन्हा जा. कुलपाच्या आत जो राहतो तोच बहुधा दोन पाळ्या करणारा ठेका कामगार असतो, आणि तोच आम्ही मागे गमावला होता. तीन खेपा करूनही जो भेटला नाही किंवा ज्याने नकार दिला, त्याचीही नोंद ठेवा व तो आकडा तक्त्याच्या माथ्यावर छापा.

प्रश्न थोडे आणि साधे ठेवा. 'ठेकेदार तुमची पिळवणूक करतो ना?' असा प्रश्न न्यायालयात वकिलास स्वतःच्या साक्षीदाराला सहसा विचारता येत नाही, कारण त्यात उत्तर भरलेले असते. तो पाहणीतही विचारू नका. 'गेल्या महिन्यात किती दिवस काम मिळाले? हातात किती रुपये आले? जादा तास किती?' असे विचारा. दिवसाचा दर सव्वीसने गुणून महिना काढू नका. काम एकोणीसच दिवस मिळाले असेल तर एकोणीसच लिहा. आधी वीस घरांत प्रश्नावली तपासून पाहा; ज्या प्रश्नावर माणसे अडखळतील तो बदला. नावे तक्त्यात घालू नका, म्हणजे कोणाची नोकरी धोक्यात येणार नाही. मूळ कागद मात्र जपून ठेवा, कारण उद्या प्रतिपक्ष तेच मागणार आहे. आणि ज्यांनी घरोघर जाऊन माहिती लिहिली, त्यांपैकी निदान दोघे साक्षीस उभे राहतील अशी तयारी ठेवा. औद्योगिक न्यायाधिकरणास पुराव्याच्या कायद्याचे तांत्रिक नियम काटेकोरपणे लागू नसले, तरी ज्याची उलटतपासणी होऊ शकत नाही असा कागद तेथेही लंगडाच राहतो.

आणि पाहणीचा निष्कर्ष आपल्या विरुद्ध गेला तर? तो लपवू नका. मागे त्या प्रकरणात आमच्या साक्षीदाराने 'सभेला जे आले त्यांच्या घेतल्या' असे खरे सांगितले म्हणून आमचा तक्ता पडला. परंतु त्याने खोटे सांगितले असते तर आमची सगळी बाजूच पडली असती. आमच्या त्या साक्षीदारास पुढे त्याच कारखान्यात जेव्हा जेव्हा वाटाघाटींस पाठविले गेले, तेव्हा व्यवस्थापनाने त्याच्या आकड्यांवर शंका घेतल्याचे माझ्या कानांवर आले नाही.

खोल्यांना क्रमांक देण्याचे काम येत्या रविवारी सकाळी सुरू करावे अशी माझी सूचना आहे. ज्यांना लिहितावाचता येते त्यांनी वही व पेन्सिल घेऊन यावे. ज्यांना येत नाही त्यांनीही यावे, कारण कोणत्या खोलीत कोण राहतो व तो केव्हा घरी असतो, हे त्यांनाच ठाऊक आहे.

जयभीम.